हवालदाराच्या वाट्याचं

१

दातवालीच्या घरात कुत्र्यांसाठी कुठलीही वस्तू यायची ती जोडीनंच. एक वाडगं आणलं की दुसरं आणावंच लागे, एक चेंडू घेतला की त्याला भावंड घ्यावंच लागे. हवालदार आणि भिंगरीचं एकमेकांवाचून पान हलत नसे, पण एकाच वस्तूवरून दोघांची अशी जुंपायची की अख्खा मजला दारं उघडून बघत उभा राही. हवालदार काळा, जाडजूड, वयानं पोक्त. जिन्यात बसला की येणाऱ्याजाणाऱ्याकडे असा बघायचा की माणसानं आपणहून पिशवी उघडून दाखवावी. भिंगरी पांढरी, शेलाटी. तिचं नाव तिनंच कमावलेलं.

दातवाली म्हणजे त्या घरची बाई. मागच्या खोलीत बसून ती दातांच्या कवळ्या करायची. दवाखान्यांतून लोकांच्या हिरड्यांचे प्लॅस्टरचे साचे यायचे, त्यांवर ती मेणात एकेक दात बसवायची. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा, म्हणून तो लिफ्टवाला. "एक जण लोकांना वर चढवतो, दुसरी त्यांना हसायला लावते. आणखी काय पाहिजे?" समोरच्या दारातल्या काकू म्हणायच्या आणि मग जीभ चावायच्या. काकूंच्या तोंडात तीळ भिजत नसे, पण माया होती बाईला. आणखी काय पाहिजे ते त्यांनाही ठाऊक होतं. लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि पाळणा काही हलत नव्हता.

तो अखेर हलला. मुलगी झाली. नाक एवढंसं, गोल, चपटं, म्हणून बापानं हॉस्पिटलातच तिचं बटण करून टाकलं. खरं नाव कागदावर राहिलं.

प्राण्यांच्या डॉक्टरांनी आधीच बजावून ठेवलं होतं, की बाळ घरी न्यायच्या आधी बाळाचं वापरलेलं कापड घरी न्या, कुत्र्यांना हुंगू द्या, त्यांच्या अंथरुणात ठेवा. म्हणजे बाळ आलं की ते त्यांना परकं वाटणार नाही. लिफ्टवाल्यानं ते इमानेइतबारे केलं. म्हणूनच बटण घरी आलं तेव्हा ना भुंकणं, ना धावपळ. भिंगरीनं पाळण्याखाली जागा धरली ती धरलीच. हवालदारानं बटणाची पावलं हुंगली, शेपटी एकदा हलवली, आणि ड्यूटी लागल्यासारखा उठून मागच्या खोलीत निघून गेला.

तेव्हा कुणी त्याचा विचार केला नाही. घरात एवढा आनंद असताना कुत्रा कुठं जाऊन बसला, हे कोण बघतं?

२

भिंगरीचे त्या घरावर उपकार आहेत, हे पहिल्याच महिन्यात कळलं. बटण झोपलं होतं, दातवाली मागे मेण वितळवत होती, आणि भिंगरीनं असा काही आकांत मांडला की ती हातातलं सोडून धावली. पांघरुणाची कड बटणाच्या तोंडावर येऊन ओठांत ओढली गेली होती. चेहरा लाल झाला होता. दातवालीनं कड काढली, बटणानं एक मोठा श्वास घेतला आणि मग जे रडं काढलं, ते तिला गाण्यासारखं वाटलं. त्या दिवशी तिनं भिंगरीचं डोकं मांडीवर घेऊन तिचे कान कुरवाळले, आणि पुष्कळ वेळ ती नुसती तशीच बसून राहिली.

भिंगरी अशी डोळ्यात तेल घालून राखण करत असताना हवालदार मात्र मागच्या खोलीत. दातवालीचं कामाचं टेबल भिंतीला लागून होतं. त्या टेबलाच्या पायाशी तो अर्धगोल करून पडायचा. पाठ खोलीकडे, पोट भिंतीकडे. आणि पोट आणि भिंत यांच्यामध्ये सुपाएवढी जागा मोकळी सोडलेली. एरवी हा गडी अंग टाकायचा तो ऐसपैस, चारी पाय चार दिशांना. आता त्या एवढ्या तुकड्यात तो पंजासुद्धा पडू देत नव्हता.

"रुसलाय," काकू म्हणाल्या. "एवढी वर्षं तोच घरातला धाकटा आणि तोच थोरला. आता कोण विचारतंय?"

"काकू, तुम्ही त्याच्याकडूनही वकिली करायला लागलात."

"अगं, मला रुसवा कळतो. तीन नणंदा होत्या मला."

दातवालीनं त्याचे लाड वाढवले. त्यानं ते करून घेतले. पण उठला नाही. आणि चार दिवसांनी काकूच दारात उभ्या राहून, पदरानं हात पुसत, हळूच म्हणाल्या, "नाही गं. हा रुसलेला नाही. हा कामावर आहे."

ते दातवालीच्या मनात रुतून बसलं. कारण आता तिलाही दिसायला लागलं. पुढच्या खोलीत बटण रडलं की भिंगरी उठायची, हवालदाराचा कानसुद्धा हलायचा नाही. उलट घर चिडीचूप असताना तो एकदम मान वर करायचा. पोटाशी बघायचा. जीभ काढून त्या मोकळ्या जागेत दोनदा, अगदी हलक्या हातानं म्हणावं तसा, चाटायचा. फरशी नव्हे. फरशीच्या जरा वर.

आणि कधीकधी उठून तिच्याकडे यायचा, तिच्या कपड्याचं टोक दातात धरून ओढायचा. भिंगरी अगदी अशीच ओढायची, बटण ओलं झालं किंवा भुकेलं असलं की. दातवाली घाईनं उठून पुढच्या खोलीत जायची. बटण गाढ झोपलेलं. वळून बघावं तर हवालदार मागच्या खोलीच्या दारात उभा. तिच्याकडे असा बघतोय, की किती सांगायचं या बाईला.

३

ती काही भोळसट बाई नव्हती. केसाएवढा फरक पडला तर माणसाचा जबडा दुखतो, अशा कामात तिची निम्मी हयात गेली होती. तिनं सगळं मापून बघितलं. भिंतीत उंदीर आहे का, तर नाही. नळाचा पाइप जातो का तिथून, तर तोही नाही. फरशी गार असेल म्हणून हात लावून बघितला. सगळीकडे सारखीच. प्राण्यांच्या डॉक्टरांनी हवालदाराचे डोळे तपासले, हिरड्या तपासल्या, म्हणाले, "वय झालं. म्हातारपणी माणसं नाही का एकटीच बोलत?" तिला ते पटलं. पटवून घेतलं म्हणा.

बटण पालथं पडायला लागलं, मग पोटावर सरकायला लागलं, मग रांगायला. थप, थप, थप, ओले तळवे फरशीवर आपटत सगळं घर मापायला लागलं. भिंगरी सोबत. बटण गॅलरीच्या दाराकडे वळलं की ती पुढे जाऊन आडवी पडायची, पांढरी भिंतच. बटण तिच्यावर चढायचं, घसरायचं, खिदळायचं. बघणाऱ्याचे डोळे निवावेत.

त्याच दिवसांत हवालदारानं भिंतीजवळची जागा सोडली. तोही चालायला लागला. मागच्या खोलीतच, पण असा, की दोन पावलं टाकायची, थांबायचं, मागे बघायचं, परत दोन पावलं. तिच्या खुर्चीच्या पायापाशी, जिथं वितळलेलं मेण सांडलेलं असे, तिथं जाऊन तो आडवा पडायचा. पांढऱ्या भिंतीसारखीच काळी भिंत. त्याच्या पलीकडे कुणी नसायचं.

साचे कापताना प्लॅस्टरचा बारीक पांढरा भुगा खोलीभर पडतो. दुपारी झाडू मारायच्या आधी तिनं एकदा सहज खाली बघितलं. भुग्यात हवालदाराच्या पंजांचे ठसे होते, आणि त्या ठशांच्या मधोमध एक जागा स्वच्छ होती. वाटोळी, बाळ बसल्यावर पुसली जाईल एवढी. पंखा, तिनं मनाशी म्हटलं. पंख्याच्या वाऱ्यानं असं होतं. मग तिनं वर बघितलं. पंखा बंद होता.

तिनं झाडू मारला. सगळ्या खोलीत मारला. ती वाटोळी जागा आधीच स्वच्छ होती, म्हणून ती तेवढी सोडली.

आणि दुसऱ्या दिवशी ते झालं. बटण थपथप करत मागच्या खोलीत शिरलं, थेट हवालदाराकडे गेलं, आणि त्याच्या पोटाशी असलेल्या मोकळ्या जागेत बोट रोखून हात पुढे केला. बटणाची ती खोड होती. दिसेल त्याच्या डोळ्यात बोट घालायची. भिंगरीच्या, काकूंच्या, बाहुलीच्या.

हवालदार गुरगुरला. ओठ वर, दात बाहेर. माणसावर, आयुष्यात पहिल्यांदा.

दातवालीनं बटणाला कधी उचललं, दार कधी लावलं, तिला आठवत नाही. दाराला पाठ लावून ती खाली बसली.

४

"दात दाखवले?" लिफ्टवाल्यानं विचारलं. "नक्की?"

"माझ्याएवढं दातांतलं कुणाला कळतं या घरात?"

तो हसला नाही. तीही नाही. हवालदारावर दोघांचा जीव होता, पण एवढ्या वर्षांनी पदरात पडलेलं पोर एका बाजूला आणि कुत्रा दुसऱ्या बाजूला, तिथं तराजू हातात घ्यावाच लागत नाही. दिराचं घर शहराबाहेर होतं, मोठं आवार होतं. भाऊजींनी फोनवर लगेच म्हटलं, "पाठवून द्या वहिनी, इथं मोकळा राहील." ठरलं.

त्याचं सामान बांधायला ती बसली. वाडगं, पट्टा, चेंडू. अंथरूण झटकलं तेव्हा त्याच्या घडीतून एक कापड पडलं. मऊ, धुवून धुवून पातळ झालेलं, बाळाला गुंडाळायचं. तिनं उचललं आणि हातात धरून राहिली.

"हे कुठलं?"

"बटणाचं. हॉस्पिटलातून आणलं होतं ना मी, यांना हुंगायला."

"बटणाची सगळी कापडं मी शिवली आहेत. निळ्या दोऱ्यानं. हे बघ." कडेला हिरवा दोरा होता. टाके बारीक, एकासारखा एक, कुणीतरी फार मन लावून घातलेले. "हे आपलं नाही."

लिफ्टवाल्यानं डोकं खाजवलं. "अगं, एकच नेलं असतं तर भांडली असती दोघं. तुला माहीतच आहे त्यांचं. म्हणून मी सिस्टरना म्हटलं, दोन द्या. एक आपल्या पाळण्यातलं दिलं त्यांनी. दुसरं शेजारी घडी पडलेली होती, त्यातलं काढून दिलं. गडबडीत होत्या. मी म्हटलं, बाळाचं कापड ते बाळाचं कापड."

"मग? कुणाला कुठलं दिलंस?"

"निळं भिंगरीला. हे याला."

शेजारची घडी. शेजारी म्हणजे पडद्यापलीकडे. दातवालीला तो पडदा आठवला. खालून नुसत्या दोन सपाता दिसायच्या, बोटं दरवाजाकडे करून ठेवलेल्या. आपलं बटण रात्रंदिवस कोकलत असताना तिला अगदी ओशाळल्यासारखं व्हायचं, की पलीकडच्या बाईला त्रास होत असेल. कारण पलीकडे कुणीच रडत नव्हतं. बाळही नाही, बाईही नाही. मग एका सकाळी सपाता तिथं नव्हत्या.

तिनं हॉस्पिटलात फोन लावला. सिस्टर ओळखीच्या झाल्या होत्या. दातवाली म्हणाली, तुमच्या हातून एक कापड चुकून आमच्याकडे आलंय, त्या बाईंना परत पोचवते, पत्ता द्या.

पलीकडे सिस्टरनी आधी दार लोटून घेतल्याचा आवाज आला.

"राहू दे गं," मग त्या म्हणाल्या. "ते आता त्या घरी नको नेऊस. तुझी सुखरूप आहे ना? तिला जप."

५

कापड तिनं हवालदाराच्या सामानातच ठेवलं. त्याला वासाची सोबत होईल, असं नवऱ्याला सांगितलं. मनात हेही होतं की काय असेल ते त्या कापडाबरोबर जाऊ दे, घर मोकळं होऊ दे. हवालदार गाडीत चढायला तयार होईना. लिफ्टवाल्यानं त्याला पोत्यासारखा उचलून ठेवला. तो भुंकला नाही, केकाटला नाही. फक्त मागच्या काचेतून वर, ती उभी होती त्या गॅलरीकडे बघत राहिला. तिच्याकडे नव्हे. तिच्या शेजारी, खाली, तिच्या गुडघ्याएवढ्या उंचीवर.

"गेला बिचारा," काकू म्हणाल्या. पदर डोळ्यांना लावलेला. "जाऊ दे. पोर महत्त्वाचं."

पहिले दोन दिवस शांततेचे गेले, आणि तिनं देवाचे आभार मानले. मग भिंगरीला काय झालं कळेना. पाळण्याखाली पडायची, एकदम उठायची, मागच्या खोलीत धावायची, तिथं एक घिरटी, परत पाळण्याखाली. परत मागे. जेवायला वाडग्याशी उभी राहिली तरी एक घास, की पळाली. दुसऱ्या घासाला परत येईपर्यंत मागून काहीतरी ऐकू आल्यासारखे कान टवकारून पुन्हा पळाली. आठवडाभरात तिच्या बरगड्या मोजता येतील अशी झाली. झोप म्हणून नाही. दोन घरची धुणीभांडी एकटीच्या अंगावर पडलेल्या बाईसारखी ती धापा टाकत दोन खोल्यांमध्ये ये-जा करायची.

"हिला जोडीदाराची आठवण येतेय," लिफ्टवाला म्हणाला.

भाऊजींचा फोन आला. "वहिनी, खातोय थोडंथोडं. पण फाटकाशी बसून असतो. तुमच्या रस्त्याकडे तोंड करून."

"आणि ते कापड?"

"कापड? ते तसंच पडलंय हो. त्याच्याकडे ढुंकून बघत नाही."

ती फोन हातात धरून उभी राहिली. म्हणजे तो कापडाची राखण करत नव्हता. आणि ज्याची करत होता, ते कापडाबरोबर गेलेलं नव्हतं.

मागच्या खोलीत तिनं काम करणं सोडलं. साचे उचलून स्वयंपाकघरात आणले. काकू म्हणाल्या, "आता पोळपाटावर दात लाटणार का?" ती हसली. मागच्या खोलीचं दार तिनं ओढून घेतलं होतं. कडी घालायला हात उचलला होता, आणि का कोण जाणे, तो तसाच खाली आला.

६

दुपारची वेळ. ऊन थेट न्हाणीघराच्या झरोक्यातून आत. बटण टबात बसून पाण्यावर तळवे आपटत होतं, दातवाली पाटावर बसून त्याच्या पाठीला साबण लावत होती. भिंगरी उंबऱ्यावर. घरात दुसरं कुणी नाही.

बटण पाणी उडवायचं थांबलं.

थप.

तिला वाटलं, नळ.

थप. थप.

नळ असा वाजत नाही. हा आवाज या घरात तिला झोपेतसुद्धा ओळखू आला असता. तळवा फरशीवर पडतो आणि सुटताना किंचित चिकटतो, तो. आणि त्या आवाजाचे दोन्ही तळवे तिच्या समोर, साबणाच्या फेसात, हवेत थांबले होते.

मधल्या बोळातून येत होता आवाज. मागच्या खोलीकडून. थप, थप, मग थांबायचा. परत थप. ओळखीचं कुणी पुढे चालत नसलं की रांगणारं मूल जसं अडखळत, वाट विचारत येतं, तसा.

भिंगरी उभी राहिली. तिची पाठ थरथरत होती. ती आत वळली, बटणाकडे बघितलं, बाहेर वळली, बोळाकडे बघितलं, आणि घशातून एक बारीक आवाज काढला. दातवालीला वाटलं, आता ही झेप घेणार, आता भुंकणार, आता जे काय आहे ते आत येणार. तिनं बटणाला ओलंच उचलून छातीशी घट्ट धरलं. पळायला वाट एकच होती आणि आवाज तिथूनच येत होता.

भिंगरी भुंकली नाही. ती उंबऱ्यावर आडवी पडली. फरशी ओली असली की बटण घसरू नये म्हणून ती रोज अशीच पडायची. पण तेव्हा तिचं तोंड आत असायचं. आता ते बाहेर होतं. पोट बोळाकडे, पाय बोळाकडे. बाहेरच्याला आतल्या ओल्यात येऊ द्यायचं नव्हतं तिला. पडेल म्हणून.

आवाज तिच्या अगदी जवळ येऊन थांबला.

काही नाही. ऊन, साबणाचा वास, टबातलं हलणारं पाणी. दातवाली कान देऊन ऐकत होती. घाबरलेलं मूल रडतं. वाट चुकलेलं, थकलेलं, एकटं पडलेलं मूल रडतं, घर डोक्यावर घेतं. हे रडत नव्हतं. आणि ती शांतता तिला ओळखीची वाटली. एकदा ऐकली होती तिनं, पडद्याच्या अलीकडून. ज्यानं कधी रडूनच बघितलेलं नाही, ते कसं सांगणार, भूक लागली म्हणून, भीती वाटते म्हणून? म्हणून तर हवालदार तिच्या कपड्याचं टोक ओढायचा. त्याच्या परीनं तो त्या बाळाच्या वाट्याचं रडायचा.

तिचे दात वाजत होते. तरी ती बोलली.

"थांब हं. तो येतोय. मी बोलावते त्याला."

उंबऱ्यावर भिंगरीनं मान लांब करून हवेत एकदा चाटलं. फरशीच्या जरा वर.

मग ओल्या हातांनीच दातवालीनं नवऱ्याला फोन लावला.

"हवालदाराला घेऊन ये. आत्ता."

"अगं, मी लिफ्टच्या खड्ड्यात उतरलोय. काय झालं? बटण—"

"बटण बरं आहे. तू ये. वर ये आणि त्याला घेऊन ये."

७

उन्हं उतरायच्या आत तो आला. जिन्यात हवालदाराची नखं वाजली तशा काकू दार उघडून बाहेर. "आणलात का परत? पोरीला काही केलं तर?" असं म्हणतच त्या त्याच्या मागोमाग आत शिरल्या, आणि बोलता बोलता थांबल्या.

हवालदार दारात कुणाला भेटला नाही. लिफ्टवाल्याच्या हातातून पट्टा सुटला. तो थेट बोळात गेला, मधोमध उभा राहिला, आणि मान खाली घातली. शेपटी आधी हळूहळू, मग सबंध मागचं अंग हलायला लागलं. खाली, फरशीच्या जरा वर, तो चाटत राहिला, चाटत राहिला, दमेपर्यंत. भिंगरीनं त्याला एकदा हुंगलं, आणि तिथंच, बोळातच, पाय ताणून धाडकन झोपी गेली. एवढ्या दिवसांची झोप.

बटणाला हा सगळा तमाशा फार आवडला. ते थपथप करत बोळात गेलं, झोपलेल्या भिंगरीचा कान मुठीत धरला, आणि ओढत उभं राहायची खटपट करायला लागलं. भिंगरीनं झोपेतच डोळा किलकिला केला, उठली, आणि बटणाला पेलत पेलत, एकेक पाऊल, पुढच्या खोलीकडे निघाली. कान ताणलेला, मान तिरकी.

तिच्या शेजारून हवालदार निघाला. एकेक पाऊल. त्याची मानही तिरकी झालेली. आणि त्याचा डावा कान, तो जाड, काळा, लोंबता कान, बाजूला ताणला गेला होता. आडवा, टोकाला दुमडलेला, मुठीत धरल्यासारखा. मध्येच तो कान जरा खाली ओढला गेला, जसं कुणी तोल जाऊन लटकावं. हवालदार थांबला. वाट बघितली. कान परत वर आला. तो पुढे निघाला.

एवढंच. चार पावलांचं अंतर ते. खिडकीतून ऊन येत होतं आणि सगळं लख्ख दिसत होतं. हवालदाराच्या त्या बाजूला काहीच नव्हतं.

काकूंच्या तोंडून शब्द फुटला नाही. हे या इमारतीत कुणी पूर्वी बघितलं नव्हतं. बऱ्याच वेळानं त्या म्हणाल्या, "मी चहा टाकते," आणि स्वतःच्या घराऐवजी दातवालीच्याच स्वयंपाकघरात गेल्या. तिथं भांड्यांचा बराच आवाज झाला.

"कानाला गोचीड असेल," लिफ्टवाला म्हणाला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. "खाजत असेल म्हणून तसा धरला."

"असेल," दातवाली म्हणाली.

त्यानं तिच्याकडे बघितलं. "ठेवायचा ना याला?"

"कुठं जाणार तो? त्याचं पोर इथं आहे."

ती पुढच्या खोलीत जमिनीवर बसली, मांडी घालून. भीती गेली नव्हती, ती कुठं जाते अशी? पण तिच्याच आत, भीतीच्या खाली, काहीतरी भरून आलं होतं. पडद्याच्या कुठल्या बाजूला कुणाची खाट लागते, हे कुणाच्या हातात असतं? हिरव्या दोऱ्याचे टाके तिच्या टाक्यांपेक्षा बारीक होते. त्या बाईला कधी कळणार नव्हतं की तिच्या बाळाला एक म्हातारा कुत्रा मेण सांडलेल्या जागेपासून दूर ठेवतो, त्याला एकटं टाकून जेवत नाही. कळलं असतं तर बरं वाटलं असतं का तिला? दातवालीला वाटलं, हो. आपल्याला वाटलं असतं.

बटण आलं आणि चढून तिच्या डाव्या मांडीवर बसलं. भिंगरी त्या बाजूला पसरली. हवालदार उजव्या बाजूला येऊन उभा राहिला, तिच्याकडे बघत. किती सांगायचं या बाईला, तसा बघत.

दातवालीनं उजव्या मांडीवरचा हात उचलून घेतला.

हवालदार खाली बसला. हनुवटी तिच्या गुडघ्याला टेकवून त्यानं डोळे मिटले. स्वयंपाकघरात चहा उकळायला लागला. बटण पेंगायला लागलं. ती हळूहळू झुलत राहिली, बटणासाठी झुलायची तशी, फक्त जरा रुंद. लिफ्टवाला दाराला टेकून बघत होता, आणि त्यानं काही विचारलं नाही, याबद्दल ती त्याचीही ऋणी होती.

बटण डाव्या मांडीवर होतं. थोड्या वेळानं तिच्या पायाला मुंग्या आल्या, जड, दाबून धरल्यासारख्या, मांडीपासून बोटांपर्यंत. उजव्या पायाला.

तिनं पाय हलवला नाही.